जुन्या कन्सोलला हार्ड डिस्क आणि लॅन: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (पुणे): माझ्याकडे फॅट पीएस-टू (जुना, जाड प्लेस्टेशन-२) आहे, मॉडेल एससीपीएच-५०००४. लेन्स थकली आहे, निम्म्या डीव्हीडी उचलतच नाही. म्हणून ऑनलाइन साटा अ‍ॅडॉप्टर मागवला आणि त्यात लॅपटॉपची ५०० जीबीची हार्ड डिस्क लावली. पण गेमच्या यादीत काहीच दिसत नाही. अ‍ॅडॉप्टर खराब निघाला की डिस्क?

उत्तर: बहुधा दोन्ही ठीक असतील. आधी नेमकं कुठे अडलंय ते पाहा. मेमरी कार्डावरच्या फ्री मॅकबूटमधून (कन्सोलवर बाहेरचे प्रोग्रॅम चालवू देणारं सॉफ्टवेअर) डब्ल्यूलाँचईएलएफ हा फाइल मॅनेजर उघडा. फाइलब्राउझर, मग मिस्क, मग एचडीडी मॅनेजर असं जा. तिथे दोन ओळी दिसतात: डिस्क जोडलेली आहे का, आणि फॉरमॅट केलेली आहे का.

'जोडलेली नाही' असं आलं तर दोष जोडणीत आहे. अ‍ॅडॉप्टर मागच्या खोबणीत दोन मोठ्या स्क्रूंनी बसतो. एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलात तर अ‍ॅडॉप्टर तिरका बसतो आणि कनेक्टरची एक बाजू उचललेली राहते. नाणं घेऊन दोन्ही स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे फिरवा. त्याआधी कनेक्टर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. वीस वर्षं उघड्या राहिलेल्या खोबणीत काय काय साचतं ते बोळा काळा झाला की कळेल. लॅपटॉपची डिस्क २.५ इंची असते, खोबण ३.५ इंची डिस्कसाठी आहे. आधार दिला नाही तर डिस्कचं सगळं वजन साटा कनेक्टरवर येतं आणि कन्सोल हलवला की संपर्क तुटतो. साधी प्लास्टिकची २.५ ते ३.५ इंची ब्रॅकेट लावा. (सोनीच्या मूळ अ‍ॅडॉप्टरवर जुनी आयडीई (साटाच्या आधीची जोडणी) डिस्क लावणाऱ्यांनी जंपर 'मास्टर'वर आहे ना, हे पाहावं.)

'जोडलेली आहे, पण फॉरमॅट नाही' असं आलं तर तिथेच आर-वन दाबून फॉरमॅट निवडा. ही फॉरमॅट पीएस-टूची स्वतःची असते, तिला एपीए म्हणतात. विंडोजला ती कळत नाही, त्यामुळे आयएसओ फाइल (गेमच्या डीव्हीडीची अख्खी प्रत) नुसती कॉपी करून चालत नाही. स्वतःच्या डीव्हीडीवरून काढलेली आयएसओ एचडीएल डम्प किंवा त्यावर बेतलेल्या एखाद्या प्रोग्रॅमने डिस्कवर चढवावी लागते. त्याच कामाचा जुना प्रोग्रॅम विनहिप अजून फिरतोय, पण मोठ्या डिस्कवर त्याच्या नादी लागू नका, विभाजनांची वाट लावतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ही डिस्क संगणकाला लावली की विंडोज विचारतं, 'डिस्क इनिशियलाइज करायची का?' इथे 'कॅन्सल' दाबायचं. हो म्हटलंत तर विंडोज डिस्कच्या सुरुवातीला स्वतःची नोंद लिहितं आणि नेमकी तिथेच एपीएची नोंद असते. चढवलेले सगळे गेम एका क्लिकमध्ये जातात.

हे सगळं जमूनही यादी रिकामीच असेल तर गेमची यादी दाखवणाऱ्या ओपन पीएस-टू लोडरच्या, म्हणजे ओपीएलच्या, सेटिंगमध्ये एचडीडी 'ऑफ'वर आहे का ते बघा. ते 'ऑटो' करा आणि सेटिंग सेव्ह करा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

५०० जीबीत डीव्हीडी भरून असलेले शंभरेक गेम मावतात. एपीएची मर्यादा २ टीबी आहे. एसएसडी लावून गेम झपाट्याने उघडतील अशी आशा ठेवू नका, कारण अडसर कन्सोलच्या बाजूला आहे. आवाज आणि उष्णता मात्र नक्की कमी होते. डिस्क लावल्यावर कन्सोल मागच्या बटणाने थेट बंद न करता ओपीएलच्या मेन्यूतून 'पॉवर ऑफ' करावा.

तुम्ही घेतलेल्या स्वस्त अ‍ॅडॉप्टरला लॅनचं छिद्र नसेल. फक्त डिस्कवरून खेळायचं असेल तर हरकत नाही. नेटवर्कही हवं असेल तर सोनीचा मूळ अ‍ॅडॉप्टर शोधा आणि त्यात आयडीईच्या जागी साटाचं बोर्ड बसवून घ्या. थोडे जास्त पैसे जातात, पण आमचा कौल त्यालाच.

प्रश्न (सांगली): स्लिम पीएस-टूला हार्ड डिस्क कुठे लावायची? मागे लॅनचं छिद्र आहे, पण खोबण नाही. पेनड्राइव्हवरून खेळलो तर व्हिडिओ अडखळतात.

उत्तर: स्लिमला खोबण नाहीच. अगदी पहिल्या, एससीपीएच-७०००० मालिकेच्या बोर्डावर आयडीईचे रिकामे बिंदू होते आणि बारीक डाखकाम येणारे तिथून तारा काढून डिस्क जोडतात. ७५००० पासून पुढे तीही सोय गेली. गेम संगणकावर ठेवून तुम्ही लॅनच वापरा.

व्हिडिओ अडखळण्याचं कारण पेनड्राइव्ह नाही, कन्सोलचं यूएसबी आहे. ते १.१ जातीचं: कागदावर सेकंदाला १२ मेगाबिट, हातात पडतो जेमतेम एक मेगाबाइट. पीएस-टूचा डीव्हीडी ड्राइव्ह चारपट वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ५.३ मेगाबाइट वाचतो आणि गेम त्या हिशोबाने बनवलेले असतात. महागडा पेनड्राइव्ह घेऊन काहीही फरक पडणार नाही.

लॅन १०० मेगाबिटचं आहे, तरी तेवढा वेग मिळत नाही. नेटवर्कचं काम आयओपी नावाचा छोटा प्रोसेसर करतो. तो मूळ प्लेस्टेशनच्या प्रोसेसरवर बेतलेला आहे, सुमारे ३७ मेगाहर्ट्झचा. विंडोज शेअरिंगची एसएमबी पद्धत त्याला जड जाते. बहुतेक गेम नीट चालतात, काही ठिकाणी व्हिडिओ तुटतो. अशा वेळी ओपीएलच्या नव्या आवृत्त्यांमधली यूडीपीबीडी पद्धत वापरून पाहा. ती आयओपीला हलकी पडते आणि वेग स्पष्ट वाढतो.

एक सावधगिरी: ९०००० मालिकेच्या उशिराच्या कन्सोलवर फ्री मॅकबूट चालत नाही. तिथे ओपनट्यूना किंवा फ्री डीव्हीडी बूट लागतं. फ्री मॅकबूटसाठी मेमरी कार्ड घेताना ते मॅजिकगेट (सोनीची कार्ड-सुरक्षा) असलेलं हवं. स्वस्त नकली कार्डं इथेच दगा देतात.

प्रश्न (डोंबिवली): लॅपटॉपवर फोल्डर शेअर केलं, केबल जोडली, तरी ओपीएल 'कनेक्ट होत नाही' म्हणतं. दुसऱ्या मोबाइलवरून तोच फोल्डर उघडतो! वाय-फायने काही करता येईल का?

उत्तर: मोबाइल एसएमबीची नवी आवृत्ती बोलतो, ओपीएलला पहिलीच येते. विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून ही पहिली आवृत्ती मुळातच बसवलेली नसते. 'विंडोज फीचर्स'मध्ये एसएमबी १.० खाली सर्व्हरची खूण करा आणि त्याच ठिकाणची 'ऑटोमॅटिक रिमूव्हल'ची खूण काढा. नाहीतर विंडोज काही दिवसांनी ते स्वतःच काढून टाकतं आणि 'काल चालत होतं' अशी तक्रार सुरू होते.

पण ज्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार करता त्यावर हे करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय पसरलं ते याच जुन्या एसएमबीतल्या भोकातून. त्यापेक्षा लॅन पोर्ट असलेला जुना रास्पबेरी पाय (छोटा, स्वस्त संगणक) घ्या आणि त्यावर सांबा (फोल्डर शेअर करणारा प्रोग्रॅम) बसवा. सांबानेही ४.११ पासून, म्हणजे २०१९ पासून, जुनी आवृत्ती बंद ठेवली आहे, त्यामुळे सेटिंगच्या फाइलीत सर्व्हरचा किमान प्रोटोकॉल 'एनटी१' असा लिहावा लागतो.

बाकी सेटिंग अशी: कन्सोलला १९२.१६८.१.१०, पायला १९२.१६८.१.५, मास्क २५५.२५५.२५५.०, पोर्ट ४४५. पहिले तीन आकडे तुमच्या राउटरशी जुळले पाहिजेत. पायचा पत्ता राउटरमध्ये राखून ठेवा, नाहीतर वीज जाऊन आली की तो बदलतो. शेअर केलेल्या फोल्डरमध्ये 'सीडी' आणि 'डीव्हीडी' अशी दोन फोल्डरं इंग्रजी मोठ्या अक्षरांत करा आणि आयएसओ त्या त्या ठिकाणी ठेवा. काही गिगाबिट स्विचशी कन्सोलचं जमत नाही, दिवा लुकलुकत राहतो. तेव्हा ओपीएलमध्ये लिंकचा वेग 'ऑटो'वरून '१०० फुल डुप्लेक्स' करा.

वाय-फायचं यूएसबी डोंगल चालणार नाही. लॅन पोर्ट असलेला रेंज एक्सटेंडर मात्र चालतो: एक्सटेंडर वाय-फायला जोडायचा, त्यातून केबल कन्सोलला. एसएमबी आधीच मंद, त्यात हे. केबल नेता येत असेल तर केबलच न्या.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): इथला फॅट पीएस-टू आणि नेटवर्क अ‍ॅडॉप्टर नागपूरला भाच्यासाठी पाठवतो आहे. चालेल ना?

उत्तर: अ‍ॅडॉप्टर चालेल. त्यावरचं टेलिफोनचं छिद्र डायल-अप मोडेमचं आहे, त्याकडे दुर्लक्ष करा. कन्सोल मात्र १२० व्होल्टचा आहे, तो नागपूरच्या २३० व्होल्टवर थेट लावला तर पॉवर सप्लाय जळेल. सोबत स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवा, निदान १५० वॅटचा. भाच्याला हे आधी फोन करून सांगा. नुसती पिन बदलणारा अ‍ॅडॉप्टर व्होल्टेज बदलत नाही.

प्रश्न (मडगाव): २००१ चा पहिला एक्सबॉक्स आहे. आतली डिस्क करकर वाजते. मित्राने दुसरी डिस्क लावून पाहिली तर ०५ एरर आला. ५०० जीबीची साटा डिस्क लावता येईल का?

उत्तर: येईल, पण जुनी डिस्क चालू आहे तोवर हे काम उरका. एक्सबॉक्सची डिस्क पासवर्डने कुलूपबंद असते. तो पासवर्ड कन्सोलच्या ईप्रॉममधली (मदरबोर्डवरची छोटी मेमरी चिप) किल्ली आणि डिस्कचा मॉडेल व सीरियल नंबर यांपासून तयार होतो. ०५ म्हणजे 'डिस्कला कुलूप नाही', ०६ म्हणजे 'कुलूप उघडत नाही'.

आधी कन्सोल सॉफ्टमॉड करा (चिप न बसवता, सॉफ्टवेअरने मूळ बंधनं हटवा) आणि ईप्रॉमची प्रत काढून दोन ठिकाणी ठेवा. फाइल फक्त २५६ बाइटची आहे, पण ती हरवली आणि डिस्कही मेली तर मदरबोर्डवरच्या चिपमधून तारा लावून ती वाचावी लागते.

सामान: साटा-आयडीई कन्व्हर्टर, ८० तारांची आयडीई केबल (मूळची ४० तारांची आहे), टॉर्क्स टी-२० आणि टी-१०. बाहेरचे सहा स्क्रू पायांच्या रबराखाली आणि लेबलांखाली लपलेले असतात. जुनी डिस्क मास्टर, नवी स्लेव्ह अशी एकाच केबलवर लावून चिंप या प्रोग्रॅमने प्रत काढा आणि नव्या डिस्कला कुलूप लावा. डीव्हीडी ड्राइव्हची आयडीई केबल काढायची, पण त्याची पिवळी वायर जागेवरच ठेवायची. नवी डिस्क कुलूप स्वीकारते का हे विकत घेण्यापूर्वीच तपासा. ती स्वीकारत नसेल तर सॉफ्टमॉडवर चालणार नाही, मॉडचिप (त्याच कामासाठी बोर्डावर बसवायची चिप) लागेल.

मग एक्सबीपार्टिशनरने एफ विभाग बनवा. विभाग २५६ जीबीच्या वर गेला की क्लस्टर (डिस्कवरच्या जागेचा सर्वांत छोटा तुकडा) ३२ केबीचा हवा. १६ केबीचा ठेवलात तर सुरुवातीला सगळं छान दिसतं आणि डिस्क भरत आली की फाइली एकमेकींवर चढायला लागतात.

खोका उघडलाच आहे तर घड्याळाचा कपॅसिटर पाहा. १.० ते १.५ आवृत्तीच्या बोर्डांवर तो गळतो आणि आजूबाजूचे ट्रॅक खातो. काढून टाका आणि जागा अल्कोहोलने पुसा; त्याच्याशिवाय कन्सोल नीट चालतो, फक्त वीज काढली की तारीख-वेळ पुन्हा लावावी लागते. १.६ असेल तर त्याला हात लावू नका.