जखम आज, मरण नंतर

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूचा एक आक्रमक कर्करोग, आहे. पुण्यातच सहा आठवड्यांत किरणोपचाराच्या 30 बैठका झाल्या. महिन्याने काढलेल्या एमआरआयमध्ये गाठ किंचित मोठीच दिसते. उंदरांवरील प्रयोगांत अशा गाठींच्या पेशी किरणांनी मरतात, असे वाचले होते. मग येथे त्या मेल्या नाहीत का?
— एक वाचिका, कोथरूड, पुणे

उत्तर : किरण पेशीला सहसा जागच्या जागी मारत नाहीत. ते तिच्या डीएनएचे दोन्ही धागे तोडतात, आणि अशी जखमी पेशी पुढे काही काळ जिवंतच राहते. तिचे मरण बहुधा ती विभागायला निघते तेव्हा ओढवते. तुटलेली गुणसूत्रे दोन कन्यापेशींत नीट वाटली जात नाहीत आणि पहिल्या किंवा त्यापुढच्या एखाद्या विभाजनात ती कोलमडते. अॅपॉप्टोसिस, म्हणजे पेशीने स्वतःच शिस्तीत संपणे, काही लसिका-कर्करोगांत (लिम्फोमांत) किरणांनंतर काही तासांतच सुरू होते. ग्लायोब्लास्टोमात मात्र पी53 या जनुकाशी निगडित यंत्रणा बहुधा बिघडलेली असल्याने तो मार्ग फारसा चालत नाही.

उंदराच्या मेंदूत रुजवलेली जीएल261 सारखी गाठ झपाट्याने वाढते, म्हणून तिच्यात विभाजनाचा आणि पर्यायाने मरणाचा क्षणही लवकर येतो. शिवाय प्रयोगात प्राण्याचा मेंदू काढून, त्याचे पातळ काप करून तुटका डीएनए रंगवून पाहता येतो. ही सोय रुग्णाच्या बाबतीत नाही, आणि माझ्या मते या दोन चित्रांची तुलनाच करू नये. एमआरआय पेशी जिवंत आहे की मृत हे सांगत नाही. मेलेल्या पेशींचा निचरा हळू होतो, आणि किरणांनी गळक्या झालेल्या रक्तवाहिन्यांमुळे सूज येऊन गाठ वाढल्याचा आभास होतो. त्यामुळेच उपचारानंतरच्या पहिल्या 12 आठवड्यांत, किरणक्षेत्राबाहेर नवी वाढ दिसल्याखेरीज, केवळ प्रतिमेवरून आजार बळावल्याचा निष्कर्ष काढत नाहीत.

तथापि सर्वच पेशी मरतात असे नाही. प्राणवायू तुटपुंजा असलेल्या भागातील पेशींना मारण्यास सुमारे अडीच ते तीनपट मात्रा लागते, आणि 2006 मधील संशोधनात गाठीतील मूलपेशींसारख्या (स्टेम सेलसारख्या) पेशी डीएनएची डागडुजी अधिक कुशलतेने करतात असे आढळले. म्हणून आपल्या डॉक्टरांना दोन गोष्टी विचाराव्यात : वाढ किरणक्षेत्राच्या आत आहे की बाहेर, आणि पुढच्या एमआरआयबरोबर रक्तप्रवाह दाखवणारी तपासणी करता येईल का.