बर्बन आणि आयरिश व्हिस्कीत खरंच फरक असतो का? दोन्ही सारख्याच लागतात

तुम्ही लिहिलंय की दोन्ही पिऊन पाहिल्या, दोन्हींनी सारखाच घसा जाळला, मग हा फरक जिभेवर असतो की नुसता लेबलवर? फरक जिभेवरच असतो आणि चांगला ठसठशीत असतो. मात्र आपल्याकडे जशी पितात, म्हणजे ग्लासभर बर्फ, वरून सोडा आणि सोबत तिखट शेव, तशी प्यायली तर तो कुणालाच कळणार नाही. मलाही पहिली दोन वर्षं कळला नव्हता.

मी जळगावचा, घरचा धंदा केळीचा. मला व्हिस्कीत पहिल्यांदा काही ओळखू आलं ते केळीमुळेच. मावसभावाने विमानतळावरून जॅक डॅनियल्स आणली होती. ती अमेरिकेचीच, पण बर्बन म्हणून विकत नाहीत, टेनेसी व्हिस्की म्हणतात. धान्य बर्बनसारखंच, मुख्यतः मका, पण पिंपात भरण्याआधी ती मेपलच्या कोळशातून गाळतात. ग्लास नाकाशी नेला आणि केळी पिकवायच्या खोलीचं दार उघडल्यावर जो दाट गोड वास अंगावर येतो, तोच आला. मला वाटलं भास असेल. नंतर वाचलं तेव्हा कळलं की आंबवताना यीस्ट जे सुगंधी पदार्थ तयार करतं, त्यातला एक आयसोअमिल अ‍ॅसिटेट. केळीला केळीचा वास देणारा पदार्थही तोच. त्या दिवसापासून मी प्रत्येक ग्लास आधी नाकाने वाचतो. माझं सांगणं एवढंच, की परदेशी पुस्तकांतली वर्णनं पाठ करू नका. तुमच्या नाकात जे वास लहानपणापासून बसलेत, त्यांच्याशी ताडून पाहा.

आता मुद्द्याचं. बर्बन अमेरिकेतच बनते. धान्यात निदान ५१ टक्के मका लागतो आणि ती आतून जाळलेल्या, कोऱ्या ओकच्या पिंपातच ठेवावी लागते. वरून रंग किंवा स्वाद घालायला परवानगी नाही. म्हणजे तो तांबूस रंग आणि तो गुळचट वास, सगळं मक्यातून आणि लाकडातून आलेलं.

पिंप जाळतात म्हणजे काय करतात, हे मला भरितावरून समजलं. आपण पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगं भाजतो. वरचं साल कोळसा होतं, पण त्याच्या लगेच खालचा गर गोड होतो, त्याला धुराचा वास लागतो. पिंपाचंही तसंच. आतला थर कोळसा होतो, त्याखालच्या लाकडातली साखर तापून कॅरॅमल होते आणि लाकडातल्या लिग्निन नावाच्या घटकातून व्हॅनिलाचा वास सुटतो. उन्हाळ्यात दारू फुगून लाकडात शिरते, थंडीत परत बाहेर येते, येताना हे सगळं घेऊन येते. कोरं पिंप असल्यामुळे पहिला, सगळ्यात जोरकस अर्क बर्बनलाच मिळतो.

मग ते पिंप पुन्हा बर्बनसाठी चालत नाही, कारण नियमच कोऱ्या पिंपाचा. म्हणून ती वापरलेली पिंपं आयर्लंड आणि स्कॉटलंडला जातात. आयरिश व्हिस्की निदान तीन वर्षं लाकडी पिंपात ठेवावी लागते आणि त्यातली बरीचशी पिंपं बर्बन मुरलेलीच असतात. म्हणजे तुम्हाला दोन्ही सारख्या वाटल्या त्यात तथ्यही आहे. दोन्हींत एकाच लाकडाचा व्हॅनिला असतो, एकीत भरपूर, दुसरीत अंगापुरता. तो बाजूला काढता आला की खाली धान्य दिसतं: इकडे मका, तिकडे जव.

जव म्हणजे आपला सातू. त्याला मोड आणून वाळवला की त्याचा माल्ट होतो. पण आयर्लंडची खास म्हणावी अशी पॉट स्टिल (म्हणजे हंड्यासारख्या भट्टीत काढलेली) व्हिस्की माल्टबरोबर बिनमोडाचा, कच्चा जव घालून करतात, दोन्ही निदान ३० टक्के. अठराव्या शतकात तिथे माल्टवर कर होता. कच्चा जव वापरला की तेवढा कर वाचायचा. कराच्या धाकाने सुरू झालेली गोष्ट चवीची ओळख होऊन बसली. त्या कच्च्या जवामुळे घोट थोडा तेलकट, जाडसर लागतो आणि मागून मिरी-लवंगेसारखा चटका येतो. ज्यांना आयरिश म्हणजे फक्त 'स्मूथ' वाटते, त्यांनी ही चाखलेलीच नसते. जेमसन सुरुवातीला उत्तम आहे, तीनदा भट्टीतून काढलेली, हलकी. पण तिच्यात पॉट स्टिलबरोबर ग्रेन व्हिस्कीही, म्हणजे मका-गव्हासारख्या धान्यांची हलकी व्हिस्कीही मिसळलेली असते. आयर्लंड खऱ्या अर्थाने कळतं ते रेडब्रेस्ट १२ सारख्या बाटलीत. महाग आहे, मित्रांत वर्गणी काढून घ्या, पण एकदा घ्याच.

हा सगळा प्रकार जवळजवळ संपला होता, हे कळलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. एनियस कॉफी नावाच्या आयरिश माणसानेच १८३० साली सलग चालणाऱ्या, स्वस्तात व्हिस्की काढणाऱ्या भट्टीचं पेटंट घेतलं. डब्लिनच्या मोठ्या कारखानदारांनी ती नाकारली, स्कॉटलंडने उचलली. पुढे युद्धं आली, अमेरिकेतली दारूबंदी आली, बाजार गेले. १९६६ साली जेमसन, पॉवर्स आणि कॉर्क शहरातले कारखानदार जगण्यासाठी एकत्र आले आणि एका काळात अख्ख्या बेटावर मिडल्टन आणि बुशमिल्स या दोनच ठिकाणी व्हिस्की बनत होती. आपल्याकडे एखाद्या वांग्याचं जुनं वाण एका-दोन शेतकऱ्यांनी बी राखल्यामुळे टिकतं ना, तसंच हे टिकलं.

गेल्या हिवाळ्यात अमळनेरजवळ मित्राच्या मळ्यात आम्ही पाच जण भरिताला जमलो होतो. वांगी भाजायच्या आधी, जीभ कोरी असताना, मी चार ग्लास मांडले. बुडाला चिठ्ठ्या चिकटवलेल्या: जेमसन, रेडब्रेस्ट, जिम बीम, मेकर्स मार्क. प्रत्येकी जेमतेम चमचा-दोन चमचे. पाचातल्या तिघांनी मेकर्स मार्कला आयरिश ठरवलं. कारण विचारलं तर म्हणाले, मऊ आहे म्हणून. खरं तर ती पक्की बर्बन, ४५ टक्के अल्कोहोलची. पण बहुतेक बर्बनमध्ये मक्याच्या जोडीला राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं एक धान्य) असते, ती झणका देते. मेकर्स मार्कमध्ये रायच्या जागी गहू आहे, त्याने चव गोल होते. आणि रेडब्रेस्टच्या मागच्या चटक्यामुळे दोघांनी तिला बर्बन म्हटलं! म्हणून मऊ की जहाल यावरून ओळखायला जाऊ नका, तिथेच फसायला होतं. मी दुसऱ्या फेरीत सगळ्यांना विचारलं, भाजलेल्या मक्याच्या कणसाचा वास कुठे येतोय? मग मात्र पाचही जणांनी बर्बनचे दोन्ही ग्लास बरोबर बाजूला काढले.

घरी करायचं तर असं करा. ग्लास पोटाला फुगीर, तोंडाला निमुळता असावा. नाक एकदम आत घालू नका, तोंड किंचित उघडं ठेवून कडेवरून वास घ्या, नाहीतर अल्कोहोल नाकाला झोंबतं आणि बाकी काही कळत नाही. पहिला घोट नुसता जीभ ओली करण्यापुरता, त्यावरून मत बनवू नका. दुसऱ्या घोटाआधी साध्या पाण्याचे चार-पाच थेंब टाका. बर्फ नको, थंडीने वास दबतो. आयरिश आधी, बर्बन नंतर, आणि त्यातही कमी टक्क्यांची आधी. सोबत बिनमिठाचे भाजलेले शेंगदाणे. शेवभाजी मागाहून, पोटभर.

आपल्या भागासाठी एक वेगळं सांगतो. एप्रिल-मेमध्ये घरातच चाळीस अंश असताना व्हिस्की चाखण्यात अर्थ नाही, नुसती वाफ नाकात जाते. चाखायचीच असेल तर बाटली तासभर माठाजवळ गारव्याला ठेवा. आणि बाटली कायम उभी ठेवा. माझी एक चांगली बाटली माळ्यावर आडवी राहिली. उन्हाळाभरात बूच विरघळल्यासारखं झालं, उघडताना त्याचा भुगा आत पडला आणि चव कडवट झाली. अजून हळहळ वाटते.

महाराष्ट्रात पंचविशी पूर्ण हवी आणि परवानाही लागतो, तो काढून ठेवा. मी एका बैठकीत एकूण साठ मिलीच्या वर जात नाही. गावात हातभट्टीने मोडलेली घरं मी पाहिली आहेत आणि तिसऱ्या पेगनंतर चव कळतही नाही.

शेवटची एक गोष्ट जरूर करून पाहा. रिकामे ग्लास रात्री धुऊ नका, सकाळी वास घ्या. अल्कोहोल उडून गेलेलं असतं, उरतं ते धान्य आणि लाकूड. मळ्यात त्या सकाळी मित्राचे जिभाऊ पाणी भरायला आले होते. माळकरी माणूस, आयुष्यात दारूला शिवले नाहीत. खाटेखालचा एक ग्लास उचलून त्यांनी हुंगला आणि विचारलं, "आठे गूळ ठेयेल व्हता का रे?" मी चिठ्ठी पाहिली. जिम बीम होती.