रायझन ५ २६०० आणि बी४५० मदरबोर्ड आहे. कमी खर्चात गेमिंगसाठी कोणता प्रोसेसर घ्यावा?

आधी गेम चालू असताना ग्राफिक्स कार्डाचा वापर बघा. तो सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर अडचण प्रोसेसरची नाहीच, पैसे कार्डासाठी ठेवा.

नसेल तर डोळे झाकून रायझन ५ ५६००. सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) तेच एएम४, ६५ वॅट, त्यामुळे बोर्ड आणि डीडीआर४ रॅम तशीच चालते. ५५०० स्वस्त पडतो, पण त्याची एल३ कॅशे (प्रोसेसरमधली वेगवान मेमरी) निम्मी, १६ एमबी. गेममध्ये फरक जाणवतो.

जुना प्रोसेसर असतानाच बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा, नाहीतर नवा बसवल्यावर डिस्प्लेच येणार नाही. मग प्रोसेसर बदलताना पीसी थोडा वेळ चालवून बंद करा आणि प्रोसेसर-कूलरमधली थर्मल पेस्ट कोमट असतानाच कूलर हलका फिरवत काढा. सरळ ओढलात तर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो, आणि पिना वाकल्या की जुना विकून येणारे पैसेही गेले.