सात महिन्यांच्या बाळाशी काय बोलायचं?

अगं, आत्ता तो नुसतं बाबाबा-दादादा करतोय ना, तेच तर बोलणं आहे त्याचं, तू फक्त त्याला उत्तर देत जा. म्हणजे त्याने आवाज काढला की तू त्याच्याकडे बघून तोच आवाज काढ आणि मग थांब, थांबणं फार महत्त्वाचं, आपण मोठी माणसं सलग बडबडत राहतो आणि बाळाला चान्सच मिळत नाही. पाच-सात सेकंद वाट बघ, बघ कसा हातपाय हलवून परत काहीतरी म्हणेल. मालिश, आंघोळ, वरण-भात भरवणं, तेव्हाच जे करतेयस ते बोलत राहायचं, "आता पाय पुसूया, हा दुसरा पाय", वेगळा टाईम काढायला नको. त्याने कावळ्याकडे बघितलं तर कावळ्याबद्दलच बोल, त्याचं लक्ष आहे तिथला शब्द पटकन बसतो.

घरात मराठी आणि कन्नड दोन्ही आहे तर दोन्ही बोला बिनधास्त, दोन भाषांनी बोलणं लांबतं हे खरं नाही. मोबाईलवरची गाणी मात्र नकोच, डब्ल्यूएचओ पण एक वर्षाच्या आत स्क्रीन अजिबात नको म्हणतं, आजीच्या मांडीवरची बडबडगीतं कितीतरी चांगली.

आणि हो, मुलं बोलतात आपापल्या वेळेने हे ठीक, पण वर्षाचा झाला तरी बडबड नाही, बोट दाखवणं नाही, किंवा आवाजाकडे मान वळवत नसेल (हे तर आत्ताच बघ) तर डॉक्टरांना सांगून कानांची तपासणी करून घे, "याचा बाबा पण उशिराच बोलला" म्हणून कुणी थांबवलं तरी थांबू नकोस.