धनस्थान वाचताना घाई नको

भाऊ, कुंडलीच्या दुसऱ्या स्थानात, म्हणजे पैसा अन् वाणी पाहायच्या धनस्थानात, बुध-शुक्र दिसले की ‘गोड बोलून पैसा कमावशील’ असं सांगून मोकळा होऊ नको. आधी अंश पाहा. एक २ अंशांवर, दुसरा २८ वर, तर रास एक असूनही युती, म्हणजे ग्रहांचं एकत्र येणं, नावापुरतीच. बुध रवीच्या १४ अंशांच्या आत असला की अस्त, म्हणजे रवीच्या तेजात लोपलेला, धरतात. म्हणजे वाणीचा कारक, वाणी दाखवणारा ग्रहच झाकोळला. द्वितीयेश, म्हणजे दुसऱ्या स्थानातल्या राशीचा स्वामी ग्रह, तोही बघ.

अन् नागपूरचा जन्म मुंबईच्या रेखांशावर मांडू नको. लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारा राशीचा अंश, सहाएक अंशांनी चुकतं. ते राशीच्या काठावरचं असेल तर धनस्थानच बदलतं.

इतवारीतल्या एका किराणावाल्याला धनस्थानात मंगळ-बुध पाहून मी ‘तोंडाळ’ म्हटलं होतं. तो नुसता हसला. दिवसभरात दहा वाक्यं बोलत नसेल, पण उधारीचा हिशेब तोंडपाठ!