निवृत्त ग्रेहाउंड घरी आणायची, की आधी घराचं डिपॉझिट?

नमस्कार ताई,

इंग्लंडमधल्या रेडिंगहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. शर्यतीतून निवृत्त झालेल्या चार वर्षांच्या ग्रेहाउंड जातीच्या कुत्रीचा लेकीला लळा लागलाय. कुत्रीवर महिना १०० पौंड लागतील असं तुम्ही धरलंय. घर विकत घेताना भरायच्या डिपॉझिटला ३०,००० हवेत, १६,००० जमलेत आणि महिना ७०० बाजूला पडतात. यजमान म्हणतात, आधी घर, मग कुत्री.

माझं मत विचाराल तर आणा. पण १०० पौंडांत ती सांभाळली जाणार नाही, आणि आज लगेच आणू नका.

माझ्या अंदाजाने खाणं ५५, विमा ४५, लस आणि जंत-पिसवांची औषधं २०, पट्टा-कोट-अंथरूण १५. कोट हा लाड नव्हे. या जातीच्या अंगावर चरबीही कमी आणि केसही, इंग्लंडच्या थंडीत ती कुडकुडते. ग्रेहाउंडचे दात लवकर खराब होतात आणि भूल देऊन साफ करावे लागतात, त्यासाठी महिना १२ साठवा. शिवाय दर दोन वर्षांनी तुम्ही चार आठवडे नाशिकला जाता, ते तुमच्या हिशेबात नाहीच. तेव्हा तिला दुसरीकडे ठेवायच्या २८ रात्री, रात्रीला २८ पौंड, म्हणजे ७८४; महिन्याला ३३ पडले. सगळे मिळून १८०.

आता मंगळवार. त्या दिवशी तुम्ही दोघंही ऑफिसला असता. ग्रेहाउंड दिवसाचा बराच वेळ झोपून काढते हे खरं, पण ही आजवर केनेलमध्ये दहा कुत्र्यांच्या सोबतीत वाढलेली. रिकाम्या घरात नऊ तास एकटं राहणं तिला ठाऊकच नाही. दुपारी फिरवायला माणूस ठेवलात तर फेरीला १५, महिन्याला ६०. खर्च २४० वर गेला, आणि डिपॉझिट २० महिन्यांऐवजी ३१ महिन्यांनी पुरं होईल. दोघांपैकी एकाने ऑफिसचा वार बदलून घेतला तर २७ महिने. वर्षाला ७२० पौंड वाचवणारा दुसरा कुठलाही उपाय मला तुमच्या बजेटमध्ये दिसत नाही. नाशिकला आई-वडिलांना पाठवता त्या ३०० ला मात्र हात लावू नका.

विम्यावर काटकसर करू नका, ही माझी कळकळीची विनंती. स्वस्त पॉलिसीत एखाद्या आजाराचा खर्च बारा महिनेच मिळतो, पुढे तो आजार कायमचा वगळतात. या जातीत पायाच्या लांब हाडांचा कर्करोग बऱ्यापैकी आढळतो, त्याचं बिल हजारांत जातं. म्हणून दरवर्षी नव्याने मर्यादा मिळणारी, आयुष्यभराची पॉलिसी घ्या, आणि ती कुत्री घरी येईल त्याच दिवसापासून. आधीपासूनचे आजार विम्यात बसत नाहीत, तेव्हा तिला दत्तक देणाऱ्या संस्थेकडून तिचे वैद्यकीय कागद आधीच मागून वाचा. ती समोर ससा दिसला की रस्ता पाहणार नाही. अपघात झाला तर दुसऱ्याची भरपाई पॉलिसीत आहे ना, तेही तपासा. वय वाढेल तसा हप्ता वाढतो, आणि पुष्कळ कंपन्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या बिलाचा काही भाग तुमच्याच गळ्यात घालतात.

त्यासाठी वेगळं खातं हवं. पुढचे तीन महिने ७०० पौंड तिकडे टाका, २,१०० होतील, मग कुत्री आणा. अडीअडचणीचे ९,००० जेमतेम तीन महिन्यांच्या खर्चाएवढे आहेत, ते तसेच राहू द्या. लाइफटाइम आयसामधून, म्हणजे घरासाठीच्या बचतीवर सरकार बोनस देतं त्या खात्यातून, तर काहीच काढू नका: घराव्यतिरिक्त कारणासाठी १,००० काढलेत तर २५० दंडात जातात. सरकारचा बोनस जातोच, वर तुमचे स्वतःचे ५० पौंड बुडतात.

म्हणजे ऑफिसचा वार बदलून घेतलात तर हे तीन महिने धरून घर एकंदर दहा महिने लांबतं. लेक नऊ वर्षांची आहे. तिच्या या वयापुढे ते दहा महिने मला जड वाटत नाहीत. यजमानांना मात्र हा आकडा दाखवून विचारा, कारण भाडं तेही भरतायत.

या तीन महिन्यांत घरमालकाची लेखी परवानगी मिळवा. इंग्लंडच्या नव्या भाडेकायद्यानुसार १ मे २०२६ पासून त्याला सबळ कारणाशिवाय नकार देता येत नाही; घरमालकाचा स्वतःचा फ्लॅटचा जो मूळ करार (लीज) असतो, त्यातच प्राण्यांना बंदी असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तोवर ही कुत्री दुसऱ्या घरी गेली तर लेक हिरमुसेल. तिला आत्ताच सांगून ठेवा की शर्यतीतून सुटलेल्या कुत्र्या येतच असतात, घर मिळायची वाट पाहत.

मंगळवारचं काय ठरलं ते कळवा, मग पुढच्या वर्षाचे आकडे पक्के करू.