आजोबांची दोन कपाटं भरून जुनी पुस्तकं आहेत, काय करू?
रद्दीवाल्याला एवढ्यात फोन करू नका. आमच्याकडं परभणीला अशीच सातशे-आठशे निघाली, निम्म्यांना कसर लागलेली, पान उलटलं की पापडासारखं तुटायचं, ती गेली रद्दीत, इलाजच नव्हता. बाकीची मात्र एकेक चाळा, कारण आपल्याकडं १९४८ पर्यंत निजामाचं राज्य, त्यामुळं हैदराबादला छापलेलं काही किंवा मोडी लिपीतली वही सापडली तर बाजूला काढा अन् संभाजीनगरला मराठवाडा साहित्य परिषदेत विचारून बघा. कादंबऱ्या गावच्या वाचनालयाला, पण आधी यादी व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, त्यांच्याकडं पण जागेची बोंब असते. जुनी गाईडं सरळ रद्दीत. अन् हो, देताना पानं झटका, आमच्या एका पुस्तकातून ७२ च्या दुष्काळातली मिलोची (परदेशातून आलेली लाल ज्वारी) रेशनची चिठ्ठी पडली, ती ठेवली मी.